जे, चौकट, बी

छापखान्यात 'जॉब' हा शब्द दिवसातून शंभरदा तरी कानावर पडतो. जॉब आला, जॉब मशीनवर चढला, जॉब अडकला, जॉबचे पैसे बुडाले. लग्नपत्रिका हा जॉब, टॉवेलचं लेबल हा जॉब, शेंगाचटणीच्या पाकिटावरचा स्टिकर हाही जॉबच. त्यामुळे २०१७ च्या उन्हाळ्यात एक बाविशीतला पोरगा अक्कलकोट रोडवरच्या आमच्या छापखान्यात आला, टेबलावर पाच-सहा चपट्या पुड्या ओतल्या आणि त्यातली एक पुढे सरकवून म्हणाला, "काका, हे जॉब बघा," तेव्हा मी चष्मा चढवत विचारलं, "का, बाकीचे जॉब नाहीत का?"

"नाही काका. जॉब हे ब्रँडचं नाव आहे."

सिगारेट वळायच्या कागदाच्या पुड्या होत्या त्या. पोरगा सोलापूरचाच, पुण्याला शिकायला गेलेला, आणि शिक्षण मधेच सोडून स्वतःचा ब्रँड काढायला निघालेला. कागद तो बाहेरून मागवणार, वरचं कव्हर आम्ही छापायचं, डाय मारायची, घडी घालून द्यायचं. पुण्यात हे फार चालतं, म्हणाला. कशासाठी चालतं ते मी विचारलं नाही. मलाही पोरं आहेत. रेट दिला. 'कळवतो' म्हणून गेला, तो आजतागायत कळवतोच आहे. पुड्या राहिल्या माझ्या ड्रॉवरमध्ये.

ज्याच्या घरात तीन पिढ्या बायकांनी विड्या वळल्या, ज्याच्या वह्या-पुस्तकांना दहावीपर्यंत तंबाखूचा वास यायचा, त्याने सिगारेटचा सुटा कागद पहिल्यांदा हातात धरावा तो पन्नाशीला टेकल्यावर. बरं, हातात धरला तो ओढायला नाही, रेट काढायला.

कागद बघायची आमची एक पद्धत असते. आधी डोळ्यांनी बघायचं नाही, अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचं. आमचं सगळं बोलणं जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशी. लग्नपत्रिकेचं कार्ड तीनशेच्या आसपास. हा वळायचा कागद वीसच्या आतबाहेर, आणि त्यातले पातळ म्हणवणारे तर बारा-चौदावर उतरतात. एवढा पातळ कागद आमच्या ऑफसेटवर चढवला तर ब्लँकेटला, म्हणजे मशीनमधल्या रबरी चादरीला, चिकटेल, रोलरभोवती गुंडाळून बसेल, आणि मशीनमन दिवसभर चिमट्याने तुकडे वेचत मला शिव्या घालेल. उजेडाकडे धरला तर आत बारीक रेघा दिसतात, एकीला एक लागून, हातमागावरच्या ताण्यासारख्या. त्या छापलेल्या नसतात. कागद ओला असतानाच त्यात दाबलेल्या असतात.

ह्या कागदाला 'राईस पेपर' म्हणायची जुनी रीत आहे. त्यात तांदळाचा कणही नसतो. पूर्वेकडून येणाऱ्या पातळ कागदाला युरोपात सरसकट राईस पेपर म्हणत, ते नाव चिकटलं. खरा माल म्हणजे जवसाच्या खोडाचे धागे, भांगेच्या जातीच्या झाडाचे तंतू, लाकडाचा लगदा. जवस वाचलं आणि मला हसू आलं. ज्या जवसाची चटणी आम्ही कडक भाकरीबरोबर खातो, तेच झाड. बी आमच्या ताटात, खोड फ्रान्सच्या कागदात. लगद्यात खडूची पूड घालतात, कॅल्शियम कार्बोनेट; तिच्यामुळे कागद एका चालीने जळतो आणि राख पांढरी पडते. कडेला चाटून चिकटवायची जी पट्टी असते, तो सुदानकडच्या बाभळीच्या भाऊबंदांचा डिंक. म्हणजे बाळंतिणीच्या लाडवाचं सामानही आलंच त्यात.

एवढी सगळी खटपट कशासाठी, तर कागद आहे हे ओढणाऱ्याला कळू नये म्हणून. त्याला चव नको, वास नको, वजन नको. चांगला कागद तो, जो नसल्यासारखा असतो. विडीचं बरोबर उलटं. तिथे पत्ता, म्हणजे वरचं पान, निम्मी चव देतो. तेंदूचं पान जाड, हवा आत घेत नाही, म्हणून विडी सारखी ओढत राहावी लागते. गप्पांत रंगलात की ती विझते. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं एका विडीला चार काड्या लावायची, आणि त्यांच्या बायका विडीपेक्षा काडेपेटीच्या खर्चावरून भांडायच्या.

शब्दांत मात्र दोघींचं कूळ एकच निघतं. विडा मोठा, त्याची धाकटी ती विडी. तिकडे सिगार मोठा, आणि फ्रेंच लोकांनी त्याला बारकेपणाचं शेपूट जोडलं ती सिगारेट.

तर जॉब.

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सरहद्दीला चिकटून पर्पिन्याँ नावाचं गाव आहे. कागदात तंबाखू गुंडाळून ओढायची खोड मुळात स्पेनची. नेपोलियनच्या लढायांतून सैनिकांनी ती फ्रान्समध्ये आणली. तेव्हा ओढणारे मोठ्या तावातून आपापला तुकडा कापून घेत. १८३८ मध्ये ह्या पर्पिन्याँच्या जाँ बार्दू नावाच्या माणसाने पातळ कागद आधीच मापात कापून त्यांची खिशात मावेल अशी पुस्तिका बांधली. एक पान फाडा, वळा, बाकीची खिशात. एवढंच. आज बघायला गेलं तर हा शोध आहे की बाइंडिंगचा जॉब आहे, असा प्रश्न मला पडतो. पण साध्या घडीवर आणि कापावर माणसं श्रीमंत झालेली मी आमच्या धंद्यातही पाहिली आहेत.

पुस्तिकेवर त्याने आपली आद्याक्षरं घातली. जे आणि बी. दोन्हींच्या मधे शोभेला एक चौकट, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या एक्क्यावर असते तशी. आता कंपोझिंग करणाऱ्याच्या नजरेने बघा. दोन कॅपिटल अक्षरं, तेवढ्याच उंचीची मधली खूण, तिन्हींत अंतर सारखं. लोक काय वाचणार? गिऱ्हाइकाने चौकटीला 'ओ' समजून वाचलं आणि दुकानात जाऊन 'जॉब' मागायला सुरुवात केली. फ्रेंच तोंडात झॉब.

आमच्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं ते मला तोंडपाठ आहे. पार्टी फोन करणार, "अहो, चौकट एवढी मोठी कुणी घालायला सांगितली होती? माल परत घ्या." प्रूफ कुणी पास केलं यावरून आठवडाभर वाद, शेवटी निम्मे पैसे कट. बार्दूने तसलं काही केलं नाही. लोक जे वाचतात तेच खरं, असं त्याने ठरवलं आणि १८४९ मध्ये 'पापिए जॉब', जॉब कागद, ह्या नावाचं पेटंट घेऊन टाकलं. तीन वर्षांनी, १८५२ मध्ये तो वारला. धंदा पुढे मुलाने, पिएरने, वाढवला, आणि ह्या पिएरने तर कमाल केली. त्याने आडनावच बदलून बार्दू-जॉब करून घेतलं. गिऱ्हाइकाने चुकून वाचलेलं अक्षर ह्याने घराण्याच्या नावात घातलं. पिरेनीज डोंगराच्या त्या मुलखात त्याच्या मुलाबाळांसाठी ओबिरी, वाल्मी असे वाडे उभे राहिले. वाडे म्हणजे खरोखरचे, बुरुजांचे. दुसरा भाऊ जोसेफ वेगळा झाला आणि त्यांच्या 'नील' नावाच्या कागदावर हत्ती आला. नील म्हणजे नाइल नदी. नाइलवर हत्ती कुठून आला हे विचारू नये. लेबलवर हत्ती शोभतो, हे कारण मला पुरतं. आमच्याकडे एका पार्टीने टॉवेलच्या लेबलवर मोर मागितला होता. टॉवेलचा आणि मोराचा संबंध मीही विचारला नाही.

हे सगळं त्या पुड्यांमुळे वाचत गेलो, आणि ज्या आठवड्यात वाचत होतो, त्याच आठवड्यात माझं निम्मं डोकं अव्वाच्या पेन्शनीत अडकलेलं होतं.

अव्वा म्हणजे माझी आजी. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, शाळेत मराठी. सोलापूरच्या पूर्वभागात हे असंच असतं. नाव नरसव्वा. आजोबा गिरणीत, अव्वा विडीत. गिरणी बंद पडली तेव्हा आजोबा दोन वर्षं रोज सकाळी डबा न घेता त्याच वाटेने फिरून यायचे, आणि घर अव्वाच्या सुपावर चाललं. पूर्वभागात तुम्ही कुठल्याही दारात उभे राहा, ही गोष्ट थोड्याफार फरकाने ऐकायला मिळेल. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून ह्या गावाला भोंग्यांवर घड्याळ लावायची सवय होती. भोंगे एकेक करून थांबले. कात्र्या थांबल्या नाहीत.

ती कात्री मला अजून दिसते. आदल्या रात्री पत्ता पाण्यात बुडवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. सकाळी तो मऊ झालेला असतो, चामड्यासारखा. त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि शिरा चुकवून, वाया कमीत कमी जाईल असा, कात्रीने कापायचा. पत्ता कारखान्याकडून मोजून मिळायचा, आणि फाटका-डागी निघाला तरी विड्या मात्र पुऱ्या द्याव्या लागायच्या. त्यामुळे एका पानातून किती तुकडे निघतात हे तिथे फार महत्त्वाचं. मग मांडीवर सूप. सुपात एका बाजूला कापलेली पानं, एका बाजूला तंबाखू. डाव्या हाताच्या बोटांवर पान, त्यावर तंबाखूची ओळ, आणि अंगठ्याची एकच सरक. बघेपर्यंत ती वळलेली असते. एका बाजूचं तोंड नखाने आत मुडपायचं, दुसऱ्या बाजूला दोरा दोनदा फिरवून तोडायचा. अव्वा हे करताना हाताकडे बघायची नाही. ती माझ्या पाढ्यांकडे बघायची. पाढे तिला येत नव्हते, पण मी अडखळलो की तिला कळायचं.

दिवसाला हजार. संध्याकाळी कारखान्याच्या ब्रांचला जाऊन चेकरपुढे ठेवायच्या, तो पंचवीस-पंचवीसचे कट्टे दाबून बघणार, त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढणार. बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. मग कार्डावर आकडा. अव्वाला अक्षर येत नव्हतं, आकडा यायचा. हजाराला तीन शून्यं लागतात एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, आणि कार्ड परत हातात आलं की ती तिथेच उभी राहून त्या तीन शून्यांवर एकेकदा बोट ठेवायची. मागच्या बायका खोळंबायच्या. खोळंबू देत.

१८८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या जेम्स बॉनसॅक नावाच्या तरुणाने सिगारेट वळायचं यंत्र बनवलं. दहा तासांत एक लाख वीस हजार सिगारेटी. त्या हिशेबाने अव्वाला यंत्राच्या एका दिवसाची बरोबरी करायला चार महिने लागले असते, आणि त्यात एकही सणवार धरायचा नाही. यंत्राने जगभरातल्या सिगारेट वळणाऱ्या पोरीबाळींचे हात रिकामे केले. विडीचं तसं झालं नाही; ओल्या, शिरांच्या, प्रत्येक वेगळ्या पानापुढे बायकांचे हात यंत्रापेक्षा स्वस्त पडले. ह्याला भाग्य म्हणायचं का, हे मी अव्वाला विचारलं असतं तर तिने कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं असतं. तिने आयुष्यात एकही विडी ओढली नाही. धूळ मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षं नाकातोंडात, आणि पहाटेचा खोकला आमच्या घरातल्या गजरासारखा.

विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा आला, १९७६ चा कल्याण निधीचा कायदा आला, प्रॉव्हिडंट फंड आला. ओळखपत्रं आली, दवाखाने आले. आणि सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन किल्ल्या देऊन गेले. सोलापुरात त्या भागाला सगळे विडी घरकुलच म्हणतात. अव्वाच्या दोन मैत्रिणी तिकडे गेल्या. आपल्या नावाचं दार म्हणजे काय, हे त्यांच्या चालण्यात दिसायचं. अव्वा जुन्या घरातच राहिली, कारण आजोबांना लांब जायचं नव्हतं. ह्यावर ती पुढे दहा वर्षं बोलत होती.

तर नाव. कधीतरी सत्तरच्या दशकात ब्रांचमधल्या कारकुनाने तिला नाव विचारलं. ती म्हणाली, नरसव्वा. कारकून मराठी. त्याला ऐकू आलं सरसव्वा, आणि सरसव्वा असं काही नाव असतं हे त्याला पटलं नसावं. त्याने आपल्या अकलेने नीट करून लिहिलं, सरस्वतीबाई. बाईला वाचता येत नाही, ती कशाला बदलून घेणार? कार्डावर सरस्वतीबाई, हजेरीपटावर सरस्वतीबाई, फंडाच्या कागदावर सरस्वतीबाई. घरात नरसव्वा. पुढे रेशनकार्डावर कुणीतरी तिला जरा शिष्ट केलं, नरसम्मा, आणि आधार त्यावरून निघालं. म्हणजे एका बाईच्या तीन बायका झाल्या, आणि तिघींत मिळून पेन्शन एक, महिना हजार रुपये.

पेन्शन सरस्वतीबाईला यायची आणि नरसव्वा ती बँकेतून काढून आणायची. अनेक वर्षं कुणाला काही वाटलं नाही. मग हयातीच्या दाखल्याला आधार जोडायची वेळ आली. कचेरीतल्या माणसाने यंत्र पुढे केलं, अव्वाने अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, नाही. पुसून ठेवा. नाही. दुसरा ठेवा. नाही. पत्त्याने घासून घासून तिचा अंगठा गुळगुळीत झालेला, नदीतल्या गोट्यासारखा. त्यावर रेघ असेल तर ना. शेवटी डोळ्याने काम झालं, तर नाव जुळेना. पेन्शन सरस्वतीबाईची आणि समोर हयात असलेली बाई नरसम्मा. "सरस्वतीबाई कुठंयत?" असं त्याने खरोखर विचारलं. वाईट हेतूने नाही. त्याच्या स्क्रीनवर जे होतं ते त्याने वाचलं.

शंभराचा स्टॅम्प पेपर, नोटरी, दोन साक्षीदार, तीन फोटो. मजकूर मीच टाइप केला. जन्मभर लोकांचे मजकूर लावले, हा एक घरचा. 'मी, नरसव्वा उर्फ नरसम्मा उर्फ सरस्वतीबाई, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मी स्वतः आहे.' तिला वाचून दाखवला. तिने नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "हे उर्फ कोण? आपल्या घरात उर्फ कोणी नाही."

मला त्या वेळी पर्पिन्याँचा पिएर आठवला. परक्यांनी चुकीचं वाचलेलं नाव त्याने आपण होऊन लावलं, आणि ते लावल्यावर त्याला कुठल्या खिडकीपुढे उभं राहून तो कोण ते सिद्ध करावं लागलं नाही. वाडे बांधले लेकाने.

जॉबच्या जाहिरातींबद्दल न लिहिता पुढे गेलो तर छापखान्यातली माणसं मला धरतील. १८९६ मध्ये पॅरिसमध्ये राहणाऱ्या आल्फोन्स मुखा ह्या चेक चित्रकाराने जॉबसाठी एक पोस्टर केलं. दगडावरची छपाई, म्हणजे लिथोग्राफी. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद प्रत्येक दगडावर तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे. आज चार रंगांचं रजिस्टर जुळवताना आमच्या मशीनमनला घाम फुटतो, तिथे ह्या लोकांनी केसांची एकेक बट वळवून छापली आहे. चित्रात एक बाई आहे. मान मागे टाकलेली, पापण्या मिटत आलेल्या, बोटांत सिगारेट, धुराची एक बारीक रेघ वर चाललेली. केस तर असे की धुरापेक्षा तेच जास्त वळणं घेत आहेत. कुठे पुडीचं चित्र नाही, किंमत नाही, पत्ता नाही. वर फक्त तीन अक्षरं, आणि त्यातलंही मधलं तिच्या डोक्यामागे बरंचसं झाकून गेलेलं. लोगो झाकायचा! माझ्या एकाही पार्टीने हे पास केलं नसतं. सत्तर वर्षांनी, १९६६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टॅनली माऊस आणि आल्टन केली ह्या दोघांनी तीच बाई उचलून, तिचे केस हिरवे करून, गाण्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर केलं, ते वेगळंच.

मी ते चित्र कॉम्प्युटरवर मोठं करून बराच वेळ बघत बसलो होतो. इतक्या निवांतपणे तंबाखूशेजारी बसलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी पाहिलेल्या सगळ्या बायकांच्या मांडीवर सूप होतं.

तुलूजला जॉबची मोठी कागद गिरणी होती. ती २००१ मध्ये बंद पडली. कामगार आणि आसपासचे लोक भांडले, गिरणी काही वाचली नाही, पण १९३१ ची तिची जहाजासारखी दिसणारी इमारत पाडू दिली नाही. आता तिथे सांस्कृतिक केंद्र चालतं. ब्रँड दुसऱ्यांच्या हातात गेला आणि चालू राहिला. आमच्याकडे गिरण्यांचं काय झालं ते सोलापूरकरांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

प्रतिज्ञापत्र नोटरी करून घरी आलो त्या दिवशी माझ्या शर्टाच्या खिशात जॉबची पुडी होती. का ठेवली होती कोण जाणे; कुणाला तरी दाखवायची असेल. अव्वा ओट्यावर बसलेली. वय ऐंशीच्या पुढे, काम सोडून जमाना झालेला, तरी शेजारच्या सूनबाईच्या सुपातलं थोडं आपल्याकडे ओढून ती शे-दीडशे वळायचीच. हात गप्प बसत नाहीत म्हणायची. स्टॅम्प पेपर काढताना पुडी खाली पडली.

"इदेंदि रा?" म्हणजे, हे काय रे?

सांगितलं. फ्रान्सचा कागद, तंबाखू ह्यात वळतात, पोरं दीडशे-दोनशे वर्षं हेच ओढतायत. तिने एक पान उपसलं, उजेडाकडे धरलं, बोटांत चोळलं. बघायची पद्धत माझीच. मला वाटायचं मी ती छापखान्यात शिकलो.

"कांद्याचा पापुद्रा," म्हणाली.

मग सुपातली चिमूट घेतली आणि अंगठ्याची ती सरक दिली. कागद गुळगुळीत अंगठ्याखालून निसटून गेला. दुसरा घेतला, तो फाटला. पत्त्याला लागतो तेवढा जोर ह्याला फार होता. तिसऱ्याला तिने जरा दम धरला, आणि वळली. बारीक, घट्ट, पांढरी. एक तोंड सवयीने नखाने मुडपायला गेली तर कागद तिथेच चुरगळला. "तोंड कुठंय ह्याला?" मी म्हटलं, अव्वा, ह्याला तोंड मुडपायचं नसतं, कडेला डिंक आहे, जिभेने ओला करायचा, की चिकटतो.

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला छाट काढून दाखवत होतो. "थुंकी लावून? आणि मग दुसऱ्याला द्यायचं? उष्टं?"

प्रत्येक जण आपापलीच वळतो गं, म्हटलं. ते तिला काही खरं वाटलं नाही. आपली आपणच वळायची असेल तर मजुरी कोण देणार? तिने लाल दोऱ्याचं टोक घेतलं, पांढऱ्या कागदावर दोनदा फिरवलं आणि दातांनी तोडलं. मग ती वस्तू सुपाच्या कडेवर ठेवली, बाकीच्या तपकिरी विड्यांपासून जरा लांब.

"नाव काय ह्याचं?"

"जॉब."

तिने पुडी हातात घेतली. कार्डावरच्या आकड्यावर ठेवायची तसं बोट ठेवलं, पहिल्या अक्षरावर, मग मधल्यावर, मग शेवटच्यावर, आणि परत मधल्यावर.

"हे काय हाय?"

"ओ आहे तो. गोल ओ. शून्यासारखा."

"शून्य मला सांगू नको," अव्वा म्हणाली. "शून्य गोल असतंय. रोज तीन बघितलीत मी. ही शंकरपाळी हाय."